पेटीत काय भरावं

आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा त्याला घर नव्हतं, नुसता जीव होता. कापसाच्या जिनिंगच्या शेटजींच्या बैठकीत तो भिंतीला चिकटून बसलेला असायचा. एका पावसाळ्यात कुणी हलवला नाही आणि वाळवीनं त्याची सगळी पेटी आतून खाऊन टाकली. वरचं पॉलिश तसंच चकचकीत, पण बोट टेकवलं की आत भुगा. शेटजींनी नवा मागवला आणि हा आमच्या ह्यांना देऊन टाकला. हे त्या जिनात फिटर होते. ह्यांनी त्या तारा, त्या काचेच्या नळ्या आणि कागदाचा गोल पडदा लावलेला तो भोंगा, सगळं एका टोपलीत खाली गवत घालून आणलं. बायका बाजारातून अंडी आणतात ना, तसं.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून सांजेचा उजेड आम्ही शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचो. त्यामुळे त्या वर्षाचं मला जे काही आठवतं ते सगळं सांजेच्या रंगाचं आठवतं. दुपारी घडलेलंसुद्धा.

घरात आम्ही चौघं. हे, मी, माझी सासू, तिला सगळे माय म्हणत, आणि सासरे, ते आबा. आबांनीही त्याच जिनात उभी हयात काढली होती. जिनाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. पट्टे, चाकं, सरकी उडतेय, कापूस उडतोय, आणि त्या सगळ्याचा एकच घरघराट, दिवाळीपासून होळीपर्यंत. त्या घरघराटानं आबांचे कान हळूहळू नेले. पार गेले नव्हते. ढगांचा गडगडाट ऐकू यायचा, बैलगाडी गेलेली कळायची. शब्द तेवढे गेले. माणूस बोलतंय हे कळायचं, काय बोलतंय ते नाही.

मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी एक प्रकार घडला. गल्लीत एक म्हातारी वारली. तिच्या मुलानं ओट्याशी येऊन आबांना सांगितलं, आणि आबा हसून म्हणाले, "भू चांगलं व्हयनं, भाऊ. भू चांगलं." त्यांना वाटलं, त्याला मुलगा झाला. त्याची बायको पोटुशी होती तेव्हा. कुणी मनात धरलं नाही, पण आबांनी धरलं. त्या दिवसापासून ते भजनाला गेले नाहीत. चौकात बसणं बंद. ओट्यावर बसायचे ते रस्त्याकडे पाठ करून. आणि कुणी मोठ्यानं बोलायला लागलं की तोंड फिरवायचे. एकदा ह्यांना म्हणाले, "सगळा लोके माले वरडीसन बोलतस रे. चांगली गोठ बी शिवी लागस."

ते वाक्य ह्यांच्या काळजात रुतलं. रेडिओची टोपली घेऊन आले त्या दिवशी मला चुलीपाशी म्हणाले, "हा बघ, हा ओरडत नाही. शांतपणे बोलतो. आबांना एक तरी आवाज असा पाहिजे."

आता माझं सांगते. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि बोलायचंच झालं तर सासूच्या आडून, तेही दबक्या आवाजात. मोठ्यानं बोललेली सून म्हणजे माहेरानं काही शिकवलं नाही. रीतच होती ती, तक्रार नाही माझी. पण तुम्हीच विचार करा, सासऱ्याला ऐकू येत नाही आणि सुनेनं मोठ्यानं बोलायचं नाही. मग आमच्या घरात जेवण कसं वाढलं जायचं? मी मायच्या कानाशी पुटपुटायची, माय आबांच्या कानाशी ओरडायची, "ती इचारस, आखो भाकर लेतस का!" आबा मान हलवायचे. इतक्या दिवसांत माझा एक शब्द त्यांच्या कानावर पडला नव्हता.

तर पेटी. ह्यांनी नवापूरहून सागाच्या फळ्या आणवल्या. नवापूरकडचा साग, सोनेरी, आणि रंधा मारला की चहाच्या पानासारखा वास. पेटी चारही बाजूंनी बंद केली, कारण मागून उघडी ठेवली तर उंदीर घुसतील आणि तारा खातील. तापणाऱ्या नळ्यांना वरती बारीक जाळीचा वेगळा कप्पा, पुढं एक गोल भोक, त्यात भोंगा. भोकावर मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून लावला. दिसायला इतकी देखणी झाली की मायनं तिच्यावर हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी बॅटरी जोडली. मोटारगाडीची जाड बॅटरी असायची तेव्हा. नळ्या तापायला वेळ लागला, आत लालसर उजेड आला, आणि मुंबईहून कुणी पुरुष बोलायला लागला. आम्ही सगळे श्वास धरून आबांकडे बघतोय. आबांनी कान पुढं केला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "काय बोली ऱ्हायना तो? हांडामा बठेल शे का?"

आणि खरंच तसंच होतं. आमच्या धड कानांनाही तो माणूस हंड्यात बसून बोलल्यासारखा वाटत होता. आवाज पेटीत घुमत होता. एका शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दाच्या तोंडात. आबांना घुमारा तेवढा ऐकू यायचा, आणि घुमारा तर त्यांच्या कानात आधीच भरलेला होता, जिनातला.

ह्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, रिकामी पेटी घुमणारच, आत काहीतरी भरायला पाहिजे. काय भरावं?

कापसाच्या गावात आणखी काय सुचणार! जिन नुकतंच बंद झालं होतं, कोपऱ्या-कोपऱ्यातून झाडून काढलेली रुई पडलेली होती. हे गोणीभर घेऊन आले. मायनं आपली गादी आधी लपवून ठेवली. म्हणाली, "ह्याना भरोसा नही. आज रुई, सकाय मन्ही गादी फाडशी." आणि ह्यांनी पेटी भरली ती गादी भरतात तशी, गुडघा देऊन, ठासून. लोड झाला लोड. चालू केला तर तो मुंबईचा माणूस उशीत तोंड खुपसून रडल्यासारखा बोलायला लागला. आबांनी हात झटकला, "आते तर मरी गया तो."

अर्धी रुई काढली. दोन दिवस बरं वाटलं. पण रुईचा स्वभाव बसायचा. ती खाली बसली, दमलेल्या माणसासारखी, आणि वरची जागा पुन्हा घुमायला लागली.

मग ह्यांना वाटलं, आत गोणपाट ठोकावं, ते खाली बसणार नाही. घरात पोती होती ती मिरचीची. नंदुरबारात पोतं म्हणजे मिरचीचंच, दुसरं कुठून आणणार? मी ती नदीवर दोनदा धुतली, दगडावर आपटली, उन्हात वाळवली, पुन्हा नाकाला लावून बघितली. काही नाही. आम्हां सगळ्यांना ठाम वाटलं की गेली मिरची. आता आम्ही मिरचीतच वाढलेली माणसं, आमच्या नाकांना ती कळणार कशी?

त्या दिवशी गल्लीतली पाच-सहा मंडळी रेडिओ ऐकायला आली होती. बायका आत माझ्याजवळ, पुरुष अंगणात. बातम्या सुरू झाल्या, भोंग्याचा कागद थरथरायला लागला, आणि जशी चाळणी हलवावी तशी पोत्याच्या धाग्या-धाग्यात दडलेली मिरची बाहेर यायला लागली. दिसत काही नव्हतं. आधी पुढं बसलेला एक शिंकला. मग दुसरा. मग पेटीच्या समोरचा अख्खा घोळका. माय खोकतेय, हे डोळे चोळतायत, कुणी म्हणतंय बंद कर, कुणी म्हणतंय आधी पाणी दे. आणि त्या गोंधळात आबा, डोळ्यांतून धारा, नाक लाल, मोठ्यानं म्हणाले, "बातम्यासले फोडणी दिधी का रे कोनी?"

सगळं अंगण हसलं. किती महिन्यांनी आबांनी थट्टा केली होती! मी चुलीमागं पदराचा बोळा तोंडात धरून हसत होते आणि रडतही होते, आणि त्यात मिरची किती आणि बाकी काय किती, ते देव जाणे. पण सगळे गेल्यावर ते पुन्हा रस्त्याकडे पाठ करून बसले. शब्द काही आले नव्हते त्यांच्यापर्यंत.

माझं माहेर डोंगराकडच्या खापर गावचं. आमच्याकडे उशीत रुई भरत नसत, सावरीचा कापूस भरत. सावरीचं झाड पानं टाकून लाल फुलतं, मग त्याला बोंडं येतात आणि चैत्रात ती फुटतात. तो कापूस हातात घेतला तर हात रिकामाच वाटतो. रेशमासारखा, आणि खाली बसत नाही, दाबला तरी फुगून वर येतो. मी चुलीपाशी बसून ह्यांना हे सांगितलं. हे म्हणाले, "आधी का नाही बोललीस?" मी म्हटलं, "कुणी विचारलं?"

बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बायका यायच्या, डोक्यावर टोपल्या, त्यात डिंक, चारोळी, आणि त्या दिवसांत हा कापूस, वर पळसाची पानं दाबून, नाहीतर वाऱ्यावर जाईल. एकीजवळून घेतला. तिनं विचारलं, किती उशा करणार? मी सांगितलं, उशा नाहीत, बोलणाऱ्या पेटीला घालायचाय. ती आपल्या बोलीत शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि दोघी तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या की टोपली कलंडायला आली. मीही हसले. काय म्हणाल्या ते नाही कळलं. पेटीला झोप येत नाही का, असंच काहीसं असणार.

सावर भरली आणि आवाज काय गोड झाला, काय सांगू. एक बाई गात होती त्या दिवशी. जणू ती हंड्यातून बाहेर येऊन आमच्या अंगणात बसली. आबांनी मान वर केली. पुढं सरकले. आणि मग लुगड्याच्या विणीतून, फळ्यांच्या सांध्यांतून ती सावर बाहेर यायला लागली. एक तंतू, मग दोन, मग कितीतरी. सूर्य उतरत होता, उजेड आडवा येत होता, आणि त्या उजेडात पांढरे तंतू तरंगतायत, खाली येत नाहीत, वरही जात नाहीत. गाण्याचेच तुकडे अंगणात पसरलेत असं वाटलं मला. आबा ऐकायचं विसरून बघत राहिले. एक तंतू त्यांच्या मिशीवर बसला, तो त्यांनी काढला नाही. आयुष्यात मी खूप सुंदर गोष्टी बघितल्या नाहीत, पण ती एक बघितली.

तेवढ्यात भोंगा भुणभुणायला लागला. सावर त्याच्या आत शिरली होती, कागदाच्या मागं लोहचुंबकाच्या फटीत. गाणारी बाई माशीसारखी बोलायला लागली. ह्यांनी दुसऱ्या दिवशी सगळं उघडून सुईच्या टोकानं एकेक तंतू काढला. मी समजले, ह्यांची उमेद संपत आलीय. जेवताना म्हणाले, "राहू दे आता. नाही ऐकू येणार आबांना. आपणच ऐकू."

मला ते सहन झालं नाही. आबांना मान वर करून पुढं सरकताना मी पाहिलं होतं ना.

वैशाखात अंथरुणं-पांघरुणं उन्हाला घालतात. त्या दिवशी मी सगळ्या गोधड्या, घोंगड्या बाहेर नेल्या आणि आत येऊन भांडं खाली ठेवलं, तर घर केवढ्यानं वाजलं! रोज तेच भांडं, तीच फरशी. रोज नाही वाजत असं. मी मुद्दाम एक गोधडी आत आणून टाकली आणि पुन्हा ठेवून बघितलं. मग घोंगडी. घोंगडी भिंतीला टांगली तेव्हा भांड्याचा आवाज झाला तेवढा झाला आणि तिथंच थांबला, पुढं पळाला नाही. माय दारातून बघत होती. "काय व, भांडासले शिकाडी ऱ्हायनी का?" मी म्हटलं, माय, लोकर पाहिजे.

गावाबाहेर शेतात ठेलारी धनगरांची मेंढरं बसलेली होती, आणि कातरणी चालू होती. ह्यांचं मन नव्हतं, पण गेले आणि लोकर आणली. मेणचट, काट्याकुट्यांनी भरलेली, आणि वास असा की आबा ओट्यावरून आत डोकावले, "आठे मेंढी कोठेन उनी?" मी ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, सावलीत वाळवली. मग माय आणि मी दुपारभर बसून बोटांनी पिंजली. पिंजता पिंजता माय आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, मध्येच तिचा डोळा लागायचा, मध्येच जागी होऊन गोष्ट पुढून सुरू करायची. बाहेर ऊन पांढरं झालेलं, एक कावळासुद्धा बोलत नाही, आणि मांडीवर लोकरीचा ढग. ती दुपार संपलीच नाही असं मला अजून वाटतं. कुठंतरी आम्ही दोघी अजून बसलोय.

लोकर नुसती भरायची नाही, हे आता कळलं होतं. ठासली की जीव जातो, मोकळी टाकली की तंतू भोंग्यात जातात. मी दोन जुनी मलमलची फडकी घेतली, मध्ये लोकरीचा हलका थर, आणि वर गोधडीचे टाके घातले. पण गोधडीसारखे आवळून नाही, लांब लांब, सैल, लोकर आत फुगलेली राहील असे. अशा पाच छोट्या गोधड्या, पाच भिंतींना. मधली जागा रिकामीच ठेवली. ह्यांनी त्या खिळ्यांनी ठोकल्या आणि म्हणाले, "पेटीला बाळंतपणाची खोली केलीस."

आता बॅटरी नव्हती. ती मोटारवाल्याच्या गॅरेजात भरायला गेलेली, आणि तिथं आपली पाळी कधी येईल ते त्याच्या मर्जीवर. हे कामावर गेले. माय शेजारी पापड लाटायला. आबा ओट्यावर आडवे. पेटी घरात मधोमध, भोंगा अजून बसवला नव्हता, भोक उघडं. मला राहवेना. मी पेटीपुढं मांडी घालून बसले, भोकाशी तोंड नेलं आणि "ऊं" केलं. पेटी रिकामी होती तेव्हाही मी हे केलं होतं, तेव्हा विहिरीतून यावा तसा माझाच आवाज अंगावर परत आला होता. आता नाही आला. गेला आणि राहिला. कुणीतरी ऐकून घेतलं असं वाटलं.

मग मी बोलायला लागले. काय बोलावं? माहेरचं. खापरला आमच्या घरामागं मोहाचं झाड होतं, पहाटे त्याची फुलं पडायची, आणि आम्ही बहिणी टोपल्या घेऊन जायचो ते. पण आमच्याआधी अस्वल येऊन जातं असं आई सांगायची, म्हणून आम्ही झाडाला आधी नमस्कार करायचो आणि मोठ्यानं गाणी म्हणायचो ते. मी मोठ्यानं बोलत होते. ओरडत नव्हते. ओरडलं तर ती पेटीसुद्धा थोडी घुमायची, म्हणून एकेक शब्द सुटा, सावकाश. लग्नानंतर एवढ्या मोठ्यानं मी पहिल्यांदा बोलत होते आणि मला माझाच आवाज अनोळखी वाटत होता, छान वाटत होता.

"काय करी ऱ्हायनी व?" दारातून मायचा आवाज आला, आणि लगेच माझ्या मागून आबांचा, "चूप! आयकू दे. ती बाई अस्वलनी गोठ सांगी ऱ्हायनी."

मी वळून बघितलं. आबा पाणी प्यायला आत आले होते आणि खाटेवर बसले होते, माझ्या पाठीमागं, हातात तांब्या तसाच. मी पेटीला झाकून बसलेली, डोक्यावरून पदर, माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. त्यांना वाटलं मी ऐकतेय आणि रेडिओ बोलतोय.

"बंद कसाले करा?" आबा म्हणाले. चेहरा उजळलेला. "शब्द न् शब्द आयकू येस आज. पोऱ्यानी आज जमाडं. ही बाई कोठली शे?"

मी मायकडे बघितलं. मायनं माझ्याकडे. आम्हां दोघींच्या मनात एकच आलं, तो म्हातारीच्या मरणाचा दिवस. आता सांगितलं की तुम्ही पुन्हा चुकलात, रेडिओ नव्हताच तो, तर हा माणूस घरातसुद्धा पाठ करून बसेल. नाही सांगितलं, तर बॅटरी आल्यावर ती बाई पुन्हा ऐकू येणार नाही आणि त्यांना वाटेल कान गेले ते गेलेच. आणि सुनेनं सासऱ्यापुढं आवाज चढवला, ते निराळंच. मायच्या हातांना पापडाचं पीठ.

मग ती आबांच्या कानाशी गेली. पण ओरडली नाही. कधी नव्हे ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली, जशी मी पेटीशी बोलत होते तशी. "रेडिओ नही तो. बॅटरी कोठे शे घरमा? बहू शे ती. तुमनी बहू."

आबांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मी जमिनीत जायला बघत होते. रस्त्यावरून एक गाडी गेली तिच्या घुंगरांचा आवाज अगदी लांब जाईपर्यंत मी ऐकला.

"हाई बोलस?" आबा म्हणाले.

माय म्हणाली, "बोलस."

"माले वाटनं," आबा म्हणाले, "पोऱ्यानी मुकी बायको करी." आणि हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग खोकला येईपर्यंत. माय हसायला लागली, पिठाचे हात तसेच कपाळाला लावून. मी मात्र रडत होते, आणि पदरामुळं ते कुणाला दिसलं नाही हे बरं झालं.

हसणं थांबल्यावर आबा खाटेवरून पुढं सरकले. "मंग? अस्वल उनं का नही?"

मी मायकडे बघितलं. ती म्हणाली, "सांग ना व. इचारी ऱ्हायनात ते."

मी पेटीकडेच तोंड ठेवून सांगितलं. अस्वल कधीच आलं नाही. आम्ही मात्र रोज वाट बघायचो.

पावसाळा लागता लागता बॅटरी आली, तेव्हा ह्यांनी भोंगा बसवला, मागची फळी ठोकली. गल्लीतली तीच मंडळी आली, या खेपेला जरा लांब बसली, नाकाला धोतराचा सोगा लावून. बातम्या सुरू झाल्या. आवाज साधा आला. हंडा नाही, उशी नाही, माशी नाही. माणूस बोलतो तसा. आबा ओट्याच्या कडेला बसले होते, अंगणाकडे तोंड करून, हाताचा शिंपला कानामागं. त्यांची मान शब्दांबरोबर हलत होती. सगळे नव्हते त्यांना मिळत, हे मला दिसत होतं. काही निसटत होते. निसटला की त्यांच्या कपाळाला एक आठी पडायची, पुढचा मिळाला की जायची. ह्यांच्या लक्षात नाही आलं ते. हे आपले खुशीत, प्रत्येकाला फळीचा सांधा दाखवत होते.

मध्येच एक बातमी आली, तापीला वर कुठंतरी पाणी आल्याची, आणि त्या गावाचं नाव आबांच्या कानातून निसटलं. अंगणातले सगळे एकमेकांशी बोलायला लागले. आबा क्षणभर घाबरले. मी ओळखलं, तोच घाबरेपणा. आता हसावं की काय करावं, मान डोलवावी की कसं. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं नाही. मायकडे बघितलं नाही. दाराकडे वळले, जिथं मी बायकांमध्ये उभी होते, आणि म्हणाले, "बहू, कोठे उनं म्हने पानी?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकीनं माझा पदर ओढला, गप्प बस म्हणून. मी पदर कपाळावर नीट घेतला आणि सगळ्या अंगणापुढं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, त्या गावाचं नाव सांगितलं.

आबांनी मान हलवली. मग पुरुषांकडे वळून म्हणाले, तिकडून इकडं पाणी यायला केवढा वेळ लागतो ते मला ठाऊक आहे, मी तरुणपणी तिथल्या उतारावरून जिनाच्या कापसाच्या गाड्या नेल्यात, ऐका. आणि सांगायला लागले. ह्यांनी रेडिओ जरा हळू केला.